खिडकीला एक पडदा पुरत नाही

गटाची बैठक आळीपाळीने एकेकीच्या घरी होते, त्यामुळे माझं बऱ्याच घरांत बसणं होतं. आता स्लॅबची घरं झाली, खिडक्या मोठ्या झाल्या, काचा आल्या. पण भर दुपारी बघावं तर खिडक्या बंद! विचारलं की उत्तरं ठरलेली: रस्त्यावरून आतलं दिसतं, डास येतात, ऊन येतं. तिन्ही कारणं खरी आहेत. पण म्हणून खिडकीच लावून घेतली, तर आतल्या बाईला वारं कुठून मिळणार? पुरुषमाणसं पारावर जाऊन बसतात. उकाडा सोसायचा तो घरातल्या बाईने, अंथरुणावरच्या सासूने आणि पाळण्यातल्या लेकराने.

होतं काय, की ही सगळी कामं आपण एकाच जाड पडद्यावर टाकतो. तो ऊन थोडं अडवतो, पण त्याबरोबर उजेड आणि वाराही अडवतो. अंगावर आपण पोलकं, साडी आणि थंडी पडली की वरून शाल घेतो, प्रत्येकाचं काम वेगळं. खिडकीलाही तसेच थर लावायचे.

पहिला थर घराबाहेर. ऊन काचेतून आत आलं, की आतला पडदा तापतो आणि ती धग खोलीतच राहते. म्हणून ऊन बाहेरच अडवलेलं बरं. सगळ्यांत जास्त त्रास पश्चिमेच्या खिडकीचा. दुपारनंतर सूर्य खाली उतरतो, किरणं तिरपी येतात आणि वरच्या छज्जाचा काही उपयोग होत नाही. तिथे बाहेरून बांबूची चिक सोडा. बुरूडकाम करणारं कुणी जवळपास असेल तर मापाने करून मिळते. नाहीतर रोपवाटिकेवर असते ती हिरवी शेडनेट आहेच. शेतातल्या कामातून उरलेला तुकडाही चालतो. फक्त तो खिडकीला चिकटवू नका, वीतभर अंतर ठेवा, म्हणजे मधली गरम हवा वर निघून जाते. अंगणात माती असेल तर दोडक्याचा किंवा कारल्याचा वेल सुतळीवर चढवा. सावली मिळते आणि भाजीही मिळते, मला तर हाच उपाय सगळ्यांत आवडतो. पण उन्हाळ्यात वेल भरलेला हवा, तर बी आधीच लावावं लागतं.

विदर्भात वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारतात. पाण्याची वाफ होताना उष्णता ओढून घेतली जाते आणि आत गार वारा येतो. कोरड्या हवेत हे छान चालतं. कोकणात हवाच दमट, तिथे पाणी सुकत नाही आणि गारवाही येत नाही. आणि जिथे टँकरची वाट बघावी लागते, तिथे ताटीवर घागर ओता असं मी सांगणार नाही.

दुसरा थर जाळीचा. संध्याकाळी खिडकी लावली की डासांचं काम झालं, असं आपण समजतो. पण डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून जाळी दिवसभर हवी. नायलॉनची जाळी वेलक्रोच्या पट्टीने चौकटीला बसवली तर काढून धुता येते. धूळ बसून भोकं बुजली की वारा अडतो, म्हणून धुवायला हवीच. कडेला बोटभर फट राहिली तर सगळी मेहनत वाया जाते. आणि जाळी लावली म्हणून पाण्याची भांडी कोरडी करणं सोडू नका.

तिसरा थर पातळ सुती पडद्याचा. दिवसा बाहेर उजेड जास्त आणि आत कमी असतो, त्यामुळे पातळ पडद्यातून आपल्याला रस्ता दिसतो, रस्त्यावरच्याला आपण दिसत नाही. रात्री दिवा लावला की बरोबर उलटं होतं. खात्री करायची असेल तर मुलीला आत उभं करून दिवा लावा आणि स्वतः बाहेर जाऊन बघा. म्हणून चौथा थर जाड पडद्याचा. दिवेलागणीला आणि थंडीत ओढायचा, एरवी बाजूला सारून बांधायचा. पातळ पडदा खिडकीकडच्या तारेवर आणि जाड खोलीकडच्या दांडीवर. दांडी खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना वीतभर लांब घ्या, म्हणजे सारलेला पडदा भिंतीवर राहतो आणि खिडकी पूर्ण मोकळी होते.

पातळ पडद्यासाठी जुनी सुती साडी उत्तम. साडी साधारण 18 फूट लांब आणि 45 इंच रुंद. चार फूट उंचीच्या खिडकीला वरखाली सोडून आणि दुमड धरून साडेपाच फुटांचा तुकडा लागतो. एका साडीत असे तीन तुकडे बसतात. चार फूट रुंदीला दोन तुकडे लावले की चुण्या छान पडतात. काठ दोन्ही कडांना उभे येतात, मधोमध दोन काठ शेजारी आले की विकतच्या पडद्यापेक्षा देखणे दिसतात. तिसरा तुकडा लहान खिडकीला आणि उरलेल्या दीड फुटात बांधायचे पट्टे.

चुलीजवळ किंवा गॅसजवळ मात्र पडदा नको, सुतीही नको. सिंथेटिक तर पेटला की वितळून अंगाला चिकटतो. तिथे फक्त धातूची जाळी लावा आणि धूर जायला खिडकी उघडी ठेवा.

बाळंतिणीच्या खोलीचं वेगळं सांगते. वारं लागेल म्हणून फटीतसुद्धा चिंध्या कोंबतात. ऐन मे महिन्यात त्या कोंडलेल्या खोलीत आई आणि बाळ दोघंही घामाघूम होतात. सासूबाईंशी वाद घालू नका. खाट खिडकीसमोरून बाजूला घ्या, जाळी लावा, पातळ पडदा सोडा आणि काच उघडा. झोत अंगावर येत नाही आणि हवा खेळती राहते. बहुतेक सासवा एवढ्याला तयार होतात.

पुढच्या बैठकीला येताना आपल्या पश्चिमेच्या खिडकीचं माप टेपने घेऊन या, उंची आणि रुंदी दोन्ही. ज्यांच्याकडे शिलाई मशीन आहे त्यांनी कात्री आणि सुतीचा दोरा आणावा. एक साडी आपण तिथेच कापून बघू.