बाळाला दूध येतं तेव्हा

दरवर्षी १५ ते २१ नोव्हेंबरला नवजात शिशू सप्ताह पाळला जातो. दवाखान्यांच्या भिंतींवर नेहमीचे फलक लागतात: तासाभरात अंगावर पाजा, नाळेला काही लावू नका, बाळाला उबेत ठेवा. सगळं खरं आणि गरजेचं. पण बाळंतीण घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात जी कुजबुज सुरू होते, तिच्याबद्दल फलकांवर अवाक्षर नसतं. मालिशवाली बाई बाळाच्या छातीवरून तेलाचा हात फिरवता फिरवता थांबते. बोटांखाली दोन्हीकडे गाठ लागते. जरा दाबलं की पांढरा थेंब. ‘अहो काकू, बाळाला दूध आलंय. पिळून काढायला हवं, नाहीतर गाठ तशीच राहील.’ बाळ मुलगा असेल तर घरातली घाबरगुंडी दुप्पट.

हा थेंब म्हणजे खरोखरच दूध असतं, आईच्या चिकाशी बरंच मिळतंजुळतं. आणि ते येतं त्याच कारणाने, ज्या कारणाने त्याच सुमारास आईलाही दूध उतरतं. वार पडते आणि दोघांचाही हार्मोनचा पुरवठा एका झटक्यात बंद होतो.

गर्भारपणातल्या हार्मोनबद्दल आपल्याला हल्ली बरीच माहिती असते. डबल मार्करच्या रिपोर्टवरचं एचसीजी आता सगळ्यांच्या ओळखीचं. सुरुवातीच्या आठवड्यांत दोन-तीन दिवसांत दुप्पट होत जाणारं, आठव्या ते अकराव्या आठवड्यादरम्यान शिखर गाठून उतरणारं. पण खरा खेळ त्यानंतर रंगतो. सात ते नऊ आठवड्यांच्या आसपास प्रोजेस्टेरॉनचं काम बीजकोशाकडून वार आपल्याकडे घेते, आणि दिवस भरेपर्यंत ते वाढवत नेते. मेंढीमध्ये प्रसूतीआधी प्रोजेस्टेरॉनची पातळी खाली येते. माणसात रक्तातली पातळी वार पडेपर्यंत चढीच राहते. म्हणून माणसाच्या आईसाठी ही घसरण कड्यावरून पडल्यासारखी असते. वारेचा एखादा तुकडा आत राहिला तर दूध उतरायला वेळ लागतो, तो याचमुळे.

इस्ट्रोजेनची गोष्ट याहून चमत्कारिक आहे, आणि ती उलगडण्यात मोठा वाटा आहे एगॉन डिक्झफालुसी या माणसाचा. हंगेरीत जन्मलेला आणि स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत आयुष्य घालवलेला हा संशोधक. १९६०च्या दशकात त्याने दाखवून दिलं, की वारेला इस्ट्रोजेन एकटीने बनवताच येत नाही. त्यासाठी लागणारं एक एन्झाइम तिच्याकडे नाही. मग कच्चा माल कोण देतं? गर्भ. त्याच्या मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी. जन्माच्या वेळी या ग्रंथी बाळाच्या मानाने अवाढव्य असतात, आणि जन्मानंतर त्यांचा मोठा भाग झरझर आटतो. गर्भाच्या अधिवृक्क ग्रंथी माल पाठवतात, त्याचं यकृत त्यावर एक प्रक्रिया करतं, वार शेवटचा हात फिरवते आणि तयार झालेलं इस्ट्रिऑल, म्हणजे एक प्रकारचं इस्ट्रोजेन, आईच्या रक्तात जातं. एरवीच्या तुलनेत ते हजारपटीच्या घरात पोचतं. म्हणजे आईच्या रक्तात फिरणारं हे हार्मोन मुळात बाळाच्या कष्टाचं. ‘आईचे हार्मोन बाळात जातात’ हे आपण सरसकट म्हणतो, ते निम्मंच खरं.

डॉक्टरांनी याचा उपयोगही करून पाहिला. सोनोग्राफी घरोघरच्या बोलण्यात येण्याआधी गर्भवतींना चोवीस तासांची लघवी बरणीत साठवायला लावत आणि इस्ट्रिऑल मोजून बाळ ठीक आहे का ते ठरवत. ती पद्धत मागे पडली. एक तर आकडे रोज वरखाली होत. शिवाय काही बाळांच्या वारेत दुसरंच एक एन्झाइम नसे. तिथे इस्ट्रिऑल जवळपास शून्य, पण बाळ ठणठणीत. पुढे त्याची त्वचा खवल्यांसारखी कोरडी व्हायची, एवढंच. तेच इस्ट्रिऑल आज गर्भारपणातल्या क्वाड्रुपल मार्कर चाचणीच्या चार आकड्यांत एक होऊन बसलं आहे. एकट्या हार्मोनच्या आकड्यावर किती भरवसा ठेवावा, याची ही जुनी कहाणी लॅबच्या पॅकेजवाल्यांनी जरूर वाचावी.

तर बाळ या इस्ट्रोजेनमध्ये मुरून बाहेर येतं. नाळ कापली की काही दिवसांत ते ओसरतं. बाळाचं स्वतःचं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, मात्र अजून भरपूर असतं, आणि म्हणून छाती फुगते, क्वचित दूध येतं. मुलीच्या गर्भाशयाचं अस्तरही याच इस्ट्रोजेनवर वाढलेलं असतं. ते सुटतं आणि लंगोटावर आधी पांढरट चिकट स्राव, मग एखाद-दोन दिवस रक्ताचा डाग दिसतो. पहिल्या आठवड्यातला असा थोडा डाग काळजीचा नाही. तो आठवड्यापलीकडे लांबला, किंवा नाळेतून, तोंडातून, शीतून रक्त आलं, तर मात्र तासाभराचाही उशीर नको. जन्मतःच दिलं जाणारं व्हिटॅमिन के राहून गेलं असेल तर ते रक्त वेगळ्या जातीचं असू शकतं.

आता पिळण्याबद्दल. मी मालिशच्या विरोधात नाही, मालिशवाल्या बाईच्या तर मुळीच नाही. निम्म्या डॉक्टरांपेक्षा तिचे हात जास्त बाळांवरून फिरलेले असतात. पण छाती पिळणं हे सरळ सरळ नुकसानीचं काम आहे. दाबलं की दूध थांबत नाही, उलट येत राहतं. कोवळ्या कातडीला इजा होते, जंतू आत जातात, पू होतो. मग त्या एवढ्याशा छातीवर चीर द्यावी लागते, आणि मुलीच्या बाबतीत पुढे स्तनाच्या वाढीलाही धक्का बसू शकतो. काही न करता गाठ काही आठवड्यांत विरघळते, फार तर काही महिने घेते. लाल झाली, गरम लागली, एकाच बाजूला वाढली, बाळाला ताप आला तर डॉक्टर. बस, इतकंच.

हे सांगायला सगळ्यात योग्य माणूस म्हणजे आशाताई. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने घरी जाऊन नवजाताची काळजी घेण्याची जी पद्धत बसवली, तिचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि २०११ पासून ती देशभर सरकारी कार्यक्रम झाली. आशाताईच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. यातले पहिले दोन दिवस म्हणजे नेमके इस्ट्रोजेन ओसरण्याचे. जंतुसंसर्ग आणि थंडी यांच्यासाठी आखलेलं वेळापत्रक हार्मोनच्या वेळापत्रकाशी आपसूक जुळलं आहे. ‘पिळू नका’ हे दोन शब्द तिथे बोलले जायला हवेत.

गोष्ट इथे संपत नाही, किंबहुना मला जास्त रस आहे तो पुढच्या भागात. वारेचे हार्मोन अंगात असेपर्यंत बाळाची पिट्युटरी ग्रंथी दबून असते. तो दाब उठला की साधारण आठवड्याभरात ती जागी होते आणि बाळाचं स्वतःचं यंत्र सुरू होतं. फ्रान्समधल्या लियाँ शहरात मॅग्लोन फोरेस्ट आणि सहकाऱ्यांनी १९७३-७४मध्ये हे मोजून दाखवलं. मुलग्यांमध्ये पहिल्या ते तिसऱ्या महिन्यात टेस्टोस्टेरॉन वयात येणाऱ्या मुलाच्या तोडीचं असतं! सहाव्या महिन्यापर्यंत ते खाली येतं आणि मग सगळं यंत्र जवळपास दहा वर्षं झोपतं. डॉक्टर याला मिनीप्युबर्टी म्हणतात. गालांवर बारीक पुटकुळ्या येतात, पण शुक्रजंतू तयार होत नाहीत. त्यांना वाढवणाऱ्या पेशींत टेस्टोस्टेरॉन ओळखणारा ग्राहकच त्या वयात नसतो. हुकूम येतो, घ्यायला दारात कोणी नाही. मुलींमध्ये पिट्युटरीचं एफएसएच हे हार्मोन जास्त काळ, दीड-दोन वर्षांपर्यंतही चढं राहू शकतं, आणि त्या वयात छातीवर आलेली छोटी गाठ बहुतेक वेळा निरुपद्रवी निघते.

मुलग्यांच्या या पहिल्या तीन महिन्यांचं महत्त्व व्यवहारातही आहे. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांत दोन ते चार जणांची अंडगोळी जन्मतः पिशवीत उतरलेली नसते, कमी दिवसांच्यांत हे प्रमाण कितीतरी जास्त. त्यातल्या बऱ्याच पहिल्या महिन्यांत आपोआप उतरतात. सहा महिन्यांनंतर ती आशा फारशी उरत नाही, आणि दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया व्हावी असं शल्यचिकित्सक सांगतात. आपल्याकडे ‘मोठा झाला की येईल खाली’ म्हणत मुलगा शाळेत जातो. दोन्ही गोळ्या वर आणि लिंगही फार लहान, असं असेल तर पिट्युटरीलाच हुकूम देता येत नसल्याची शक्यता असते. ते रक्त तपासून ओळखायची खिडकी याच महिन्यांत उघडी असते. ती चुकली की पुढची संधी मिसरूड फुटायच्या वयात.

सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लशी याच खिडकीत पडतात. बाळ तेव्हा दवाखान्यात आलेलंच असतं, मांडीवर सुई द्यायला लंगोट सुटलेलाच असतो. डॉक्टरांनी दहा सेकंद हात लावून बघायचं आणि न बघितल्यास आईने ‘अंडगोळ्या खाली आहेत ना?’ असं विचारायचं, यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र बाळ धडधाकट असताना हौसेने हार्मोन तपासायला जाऊ नये. दोन महिन्यांच्या मुलग्याचं टेस्टोस्टेरॉन चार वर्षांच्या मुलाच्या मापाने मोजलं तर ठळक अक्षरांत ‘जास्त’ असा शेरा येईल, आणि निरोगी बाळाला घेऊन आईबाप पुढचा महिनाभर एकेका तज्ज्ञाच्या दारात बसतील.