तोंडात गाठ आली म्हणजे कॅन्सरच का? साधी गाठ कशी ओळखायची?

जेवताना गाल दाताखाली चावला जातो. जखम भरते, पण जागा थोडी सुजलेली राहते आणि पुन्हा तिथेच चावलं जातं. काही महिन्यांनी जिभेला तिथे छोटी, गुळगुळीत गाठ लागते. मग आरशासमोर मोबाइलचा टॉर्च लावून पाहणी सुरू होते आणि डोक्यात एकच शब्द येतो, कॅन्सर.

महाराष्ट्रात ही भीती अगदीच निराधार नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचं दिसलं. गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, मिश्री आणि मळलेली तंबाखू मात्र सुरूच आहे. तरीही तोंडातल्या बऱ्याच गाठी साध्या असतात.

साध्या गाठी कशा दिसतात?

वारंवार चावल्याने येणारी गाठ म्हणजे फायब्रोमा. तिचा रंग आजूबाजूसारखाच गुलाबी असतो. ती सहसा दुखत नाही आणि एका आकारावर थांबते.

खालच्या ओठाच्या आत निळसर, पाणी भरल्यासारखा फुगा दिसला तर तो बहुधा म्युकोसील असतो. लाळेची बारीक नळी तुटते आणि लाळ आतच साचते. हा फुगा फुटतो, बरा झाला असं वाटतं आणि काही दिवसांनी पुन्हा भरतो. घरी सुईने फोडून उपयोग नाही, कारण खालची लाळग्रंथी जागेवरच राहते. वर जंतुसंसर्गाचा धोका.

हिरडीवरची लालभडक, ब्रश लागताच रक्त येणारी गाठ गरोदरपणात अनेकींना घाबरवते. तिचं नाव पायोजेनिक ग्रॅन्युलोमा. नावात पू असला तरी गाठीत तो नसतो! बाळंतपणानंतर ती अनेकदा आपोआप आकसते. सैल कवळीच्या कडेला मांसाची घडी तयार होते, तर एचपीव्ही विषाणूमुळे फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा पॅपिलोमा येऊ शकतो. जिभेच्या मुळाशी व्ही आकारात दिसणारे मोठे दाणे ही तर गाठच नव्हे, ते सगळ्यांनाच असतात.

थांबू नये असं कधी?

गाठ किंवा जखम दोन आठवड्यांत गेली नाही, तर ती दाखवायलाच हवी. गाठ कडक असेल, वाढत असेल, तिच्यावर व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा असेल, मानेत गाठ लागत असेल किंवा स्वतःची तीन बोटं उभी मावतील इतकं तोंड उघडत नसेल, तर दोन आठवडेही थांबू नये. ‘दुखत नाही ना, मग काही नाही’ हा हिशेब इथे चुकतो. फायब्रोमा दुखत नाही, तसा सुरुवातीचा कॅन्सरही अनेकदा दुखत नाही.

शेवटचं उत्तर डोळ्यांनी मिळत नाही. काढलेली गाठ किंवा तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, या समजुतीपायी अनेक जण ही तपासणी टाळतात. त्या समजुतीला आधार नाही.

बेगडेवाडीसारख्या मावळातल्या गावातून त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. पुण्याकडे जाणाऱ्या लोकलने चौथं स्टेशन पिंपरी, तिथे दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी खर्च खासगी दवाखान्यापेक्षा सहसा कमी येतो. जाताना मिश्री, तंबाखू, सुपारीची सवय लपवू नये आणि गाठ काढली तर तपासणीचा अहवाल मागून घ्यावा.