आगर, दर्या आणि युरिया

मी अलिबागजवळच्या थळची सून म्हणून आले तेव्हा सासऱ्यांनी आधी वाडी दाखवली, मग दर्या, आणि खांदेरी-उंदेरी हे समुद्रातले किल्ले सगळ्यात शेवटी. गावाचा इतिहास याच क्रमाने सांगावा, असं माझं मत आहे. पाहुणे मात्र किल्ल्यांपासून सुरुवात करतात.

थळ अष्टागरातलं, म्हणजे वाड्यांच्या आठ गावांतलं. किनाऱ्यालगतच्या रेताड पट्टीत थोडं खणलं की गोडं पाणी लागतं, त्यावर नारळी-पोफळी उभ्या राहिल्या. पाणी काढायला रहाट असे. विहिरीवर लाकडी चाक, त्याला दोरीने बांधलेली मडकी आणि गोल फिरणारा बैल किंवा रेडा. मडकी वर येऊन पन्हळीत रिती होत, तिथून पाटाने पाणी एकेका आळ्यात जाई. सासरे सांगत, पहाटे रहाटाची करकर थांबली की घरात जाग यायची. जनावर थबकलं की मडकं फुटलं, ते बघायला कुणीतरी उठायचंच.

भंडारी समाजाचे लोक माडांची माडी काढत. 1878 च्या आबकारी कायद्याने तो धंदा परवान्यात आणि करात जखडला. शेजारच्या नवगावला बेने इस्राएल या यहुदी समाजाची जुनी दफनभूमी आहे. पूर्वजांचं गलबत इथेच फुटलं, असं ते परंपरेने सांगतात. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत.

आता किल्ले. 1679 च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारींना खांदेरीवर तट बांधायला धाडलं. मुंबईच्या तोंडावर ठाणं बसतंय, हे इंग्रजांना झोंबलं. त्यांनी जहाजं आणून रसद तोडायचा प्रयत्न केला, पण आमच्या किनाऱ्यावरून छोटी होडकी रात्रीची सुटतच राहिली. वारा पडला की मोठं जहाज जागीच अडकतं, वल्ह्याच्या होडीला त्याचं काय? 18 ऑक्टोबरला मराठ्यांनी इंग्रजांचं 'डव्ह' हे गुराब जहाज पकडलं. पुढच्या जानेवारीत जंजिऱ्याच्या सिद्दीने उंदेरी बळकावलं. दोन बेटांवरून तोफा एकमेकांवर रोखलेल्या आणि मध्ये मासेमारी आमची! जुलै 2025 मध्ये खांदेरी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, तेव्हा मायनाकांचं नाव निघालं; होडी वल्हवणाऱ्यांची नावं कुणी लिहूनच ठेवली नव्हती.

मग 1980 च्या दशकात आरसीएफचा (राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स) खत कारखाना आला. बॉम्बे हायचा वायू उरणमार्गे नळातून इथे येतो. त्यातला हायड्रोजन आणि हवेतला नायट्रोजन जोडून अमोनिया, त्यात कार्बन डायऑक्साइड मिसळून युरिया. युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो, म्हणून शेतकरी त्याच्यावर खूश. कारखान्यासाठी शेतजमिनी गेल्या, काही घरांत पगार आले. पगार आला तिथे पोरं वाडीत उतरेनाशी झाली. याचा दोष मी कारखान्याला देत नाही. महिन्याच्या एक तारखेला पैसे मिळत असतील तर माडावर कोण चढेल?

आता मुंबईहून मांडव्याला रो-रो बोट येते, बंगलेवाले वाड्या मागतात. त्यांना माडांची सावली हवी, नारळ नकोत. सुकी झावळी पडली की तक्रार करतात. आमच्या वाडीत पंप आहे, रहाटाची जागा रिकामी आहे, आणि नारळ उतरवायला माणूस शोधायला चार गावं फिरावी लागतात. परवा एक जण आला, दर माडामागे भाव सांगून गेला. मी हिशेब मांडला, तर चढणावळ नारळांच्या किमतीच्या जवळ पोचत होती. तरी बोलावलाय त्याला, श्रावणाआधी उतरवून घ्यायचेत.