उपभोगाची मर्यादा आणि बर्फावरची जुनी गाडी

आपल्या श्रावकाचारात भोग आणि उपभोग असा भेद केलेला आहे. एकदा वापरले की जे संपते, ते भोग, जसे अन्न. जे पुन:पुन्हा वापरता येते, ते उपभोग. जसे वस्त्र, अलंकार, वाहन. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात या दोहोंचे परिमाण करून घेण्यास सांगितले आहे. आजच्या बाजाराने मात्र हा भेद पुसत आणला आहे. वर्षानुवर्षे टिकणारी वस्तूही अन्नाप्रमाणे एकदा भोगून टाकून द्यावी, असे शिक्षण आपल्याला रोज मिळते. या शिक्षणाला नकार देणारी काही माणसे फार दूर, उत्तर अमेरिकेच्या हिमप्रदेशात भेटतात. नवी स्नोमोबाईल घेण्याऐवजी ती तीस-चाळीस वर्षांपूर्वीची गाडी पुन्हा उभी करतात.

गुलमर्गला गेलेल्या वाचकांनी ही बर्फावरची गाडी पाहिली असेल. पुढे चाकांच्या जागी दोन स्की, मागे फिरणारा रुंद रबरी पट्टा. तिचा जन्म गरजेतून झाला. कॅनडातील क्विबेक प्रांतातल्या व्हॅलकोर्ट गावी जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए नावाचे यंत्रकुशल गृहस्थ राहत. 1934 च्या हिवाळ्यात त्यांचा लहानगा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद असल्यामुळे त्याला रुग्णालयात नेता आले नाही आणि तो दगावला. बर्फावरून चालणारे वाहन बनवण्याचे त्यांचे प्रयत्न आधीपासून चालू होते. पुढे 1937 मध्ये त्यांच्या हिमवाहनाच्या पट्टा फिरवणाऱ्या यंत्रणेला पेटंट मिळाले. 1959 मध्ये त्यांनी लहान, हलकी ‘स्की-डू’ बाजारात आणली. अमेरिकेत मिनेसोटातील रोझो या गावी ‘पोलारिस’ही त्याच दशकात अशा गाड्या बनवू लागली. पाहता पाहता हे गरजेचे वाहन हौसेचे झाले.

आज नव्या गाडीची किंमत सहज दहा हजार डॉलरांच्या पुढे जाते आणि ती चालते वर्षातील तीन-चार महिने. म्हणून अनेक घरांत शेडच्या कोपऱ्यात पडलेली जुनी गाडी बाहेर काढली जाते. तिचे टू-स्ट्रोक इंजिन रचनेने साधे असते. पिस्टन व रिंगा बदलतात, सिलिंडर घासून घेतात, वर्षानुवर्षे साचलेल्या पेट्रोलचा चिकटा काढण्यासाठी कार्ब्युरेटर सुटा करून धुतात. इंजिनातील रबरी सील मात्र विसरून चालत नाहीत. ते सुकून चिरले असतील तर आत जादा हवा शिरते, इंधनाचे प्रमाण कमी पडते आणि नवा पिस्टनही थोड्याच वेळात जळतो. बाहेरून गाडी कितीही चकचकीत केली, तरी या न दिसणाऱ्या भागाकडे दुर्लक्ष केल्यास सारी मेहनत वाया जाते.

नंतर येते ती गाडी आपल्या गरजेप्रमाणे घडवण्याची पायरी. खोल भुसभुशीत बर्फात जायचे असेल तर लांब पट्टा बसवतात. पाठीला हिसके बसू नयेत म्हणून नंतरच्या मॉडेलचे सस्पेन्शन आणतात. मोडीत निघालेल्या दुसऱ्या गाडीचे सुटे भाग यासाठी उपयोगी पडतात. एखाद्या घरात बापलेक मिळून हे काम करतात आणि मुलाला वस्तूचे मोल तिच्या किमतीपलीकडे जाऊन कळते.

आपल्या दृष्टीने यात अर्थ आहे. नव्या गाडीसाठी लोखंड, ॲल्युमिनियम, रबर, प्लास्टिक लागते; खाणी खोदाव्या लागतात, भट्ट्या पेटवाव्या लागतात. पृथ्वीकाय आणि अग्निकाय जीवांची ती विराधना कारखान्याच्या भिंतीआड होते, म्हणून खरेदीच्या पावतीवर दिसत नाही. जुनी गाडी चालू राहिली की तेवढा आरंभ टळतो.

परंतु हिशेब इथेच थांबवला तर तो अप्रामाणिक ठरेल. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात इंधनासोबत तेलही जळते आणि इंधनाचा पाव ते एक तृतीयांश हिस्सा न जळताच धुराड्यावाटे बाहेर पडतो. तो बर्फावर बसतो आणि बर्फ वितळला की पाण्यात उतरतो. अप्काय जीवांचा विचार करणाऱ्याला याकडे डोळेझाक करता येणार नाही. अमेरिकेने 2002 मध्ये या गाड्यांच्या धुराबाबत नियम केले आणि ते 2006 च्या मॉडेलांपासून लागू झाले. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात तर धूर आणि आवाजाची ठरलेली मर्यादा पाळणाऱ्या गाड्यांनाच प्रवेश आहे. तेलाचे प्रमाण नेमके ठेवले, कार्ब्युरेटर नीट बसवला तर जुन्या गाडीचा धूर कमी होतो. पण ती नव्या फोर-स्ट्रोक गाडीइतकी स्वच्छ होत नाही.

तेव्हा जुने म्हणजे निर्दोष, असा नियम करता येत नाही. रोज लांबचा पल्ला गाठणाऱ्याने नवी, स्वच्छ गाडी घेतली तर त्यात विवेक आहे. हिवाळ्यात मोजके दिवस गोठलेल्या तळ्यापर्यंत जाणाऱ्याला दुरुस्त केलेली गाडी पुरते. केवळ मौजेसाठी दिवसभर रान घुमवणे मात्र, गाडी जुनी असो वा नवी, अनर्थदंडच होय. आणि ‘कधीतरी दुरुस्त करू’ म्हणत अंगणात दहा सांगाडे साठवणारा तर जुन्याच वस्तूंचा परिग्रह वाढवत असतो.

आपल्या घरी स्नोमोबाईल नसेल. पण मिक्सर, शिलाई यंत्र, सायकल, पंखा आहे. येत्या दशलक्षण पर्वात उपवासाच्या नियमांसोबत एक छोटा नियम घ्यावा : कोणतीही वस्तू बदलण्यापूर्वी ती एकदा दुरुस्तीला नेईन, आणि जी मला लागत नाही ती दुरुस्त करून गरजवंताला देईन.