नवजात बाळ, मोटारगाडी आणि आपली जबाबदारी

घरात बाळ येणार म्हटले की आपल्याकडे आनंदाला उधाण येते. आजी जुन्या मऊ लुगड्याची दुपटी शिवते, मावशी अंगडी-टोपडी आणते, कोणी नावांची यादी करतो. इस्पितळाचे बिल, रक्ताची सोय, बाळंतिणीचे खाणे या सगळ्याचा विचार होतो. एका गोष्टीचा विचार मात्र फार थोड्या घरांत होतो. बाळाच्या आयुष्यातला पहिला प्रवास, म्हणजे इस्पितळातून घरापर्यंतचा प्रवास, कसा करायचा?

वाचक बंधू-भगिनींनो, हा विचार आम्हीही केला नव्हता. गेल्या वर्षी आमच्या पुतणीची प्रसूती झाली. कल्याणच्या इस्पितळातून उल्हासनगरला घरी यायचे होते. जावयांनी मित्राची छोटी मोटार आणली होती. आम्ही ड्रायव्हरशेजारी बसलो आणि दंडाची भीती म्हणून पट्टा लावला. मागे पुतणी आणि तिच्या शेजारी आमच्या वहिनी, मांडीवर चार दिवसांचे बाळ. वाटेत एक हातगाडी अचानक आडवी आली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. गाडीचा वेग फार नव्हता, तरी वहिनी पुढच्या सीटवर आदळल्या आणि बाळ दुपट्यासकट मांडीवरून खाली घसरले. पोटाला टाके असलेल्या पुतणीने हात घालून ते कसेबसे अडवले. डॉक्टरांनी तपासून बाळ ठीक असल्याचे सांगितले, तेव्हा कुठे सर्वांच्या जिवात जीव आला.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. पन्नाशीकडे झुकलेल्या आमच्या देहाला पट्टा होता आणि चार दिवसांच्या जिवाला काही नव्हते. त्याहून बोचणारी गोष्ट वेगळीच होती. महिनाभर आधी जावयांनी विचारले होते, "काका, बाळासाठी गाडीतली सीट घेऊन ठेवू का?" तेव्हा आम्हीच म्हणालो होतो, "आधी कशाला? बाळ सुखरूप होऊ दे, मग बघू."

बाळ जन्मण्याआधी त्याच्यासाठी वस्तू आणली तर नजर लागते, अपशकुन होतो, ही समजूत आमच्या तोंडून बोलली होती. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला २२ प्रतिज्ञा दिल्या. त्या आम्ही वस्तीतल्या मुलांना समजावून सांगतो, लिंबू-मिरची आणि गंडेदोरे यांवर भाषणे करतो. आणि स्वतःच्या घरात ही जुनी भीती आम्ही नकळत जपली होती. तथागतांनी अप्रमादावर, म्हणजे सदैव सावध राहण्यावर, फार भर दिला. बाळ यायच्या आधी त्याची सीट तयार ठेवणे हा अप्रमादच आहे.

मांडीवर बाळ का सुरक्षित नाही?

"आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही," असे आपण म्हणतो. घरात ते खरे आहे, धावत्या गाडीत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी धडकते तेव्हा आतल्या माणसाला बसणारा हिसका तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याइतका असतो. त्या वेगातून गाडी अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर ३ किलोचे बाळ क्षणभर सुमारे ६० किलोच्या जोराने पुढे फेकले जाते. सिमेंटचे पोते ५० किलोचे असते. अचानक पुढे फेकले जाणारे असे पोते कोणती आई, कोणती आजी हातांनी धरून ठेवील? येथे मायेची परीक्षा नाही, हा निव्वळ हिशेब आहे.

काहीजण बाळाला मांडीवर घेऊन आपलाच पट्टा दोघांभोवती लावतात. हे तर त्याहून धोक्याचे. धडकेत मोठ्या माणसाचा सारा भार बाळावर येतो आणि पट्ट्यात बाळ चिरडले जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार मुलांसाठीच्या अशा सीट वापरल्याने अपघाती मृत्यू ६० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात. आपल्या देशातही मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन १९४-ब हे कलम आले. १४ वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटमध्ये बांधलेले नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला १,००० रुपये दंड आहे. पण दंडासाठी नव्हे, बाळासाठी हे करावयाचे आहे.

कोणती सीट घ्यावी?

दुकानात गेलात तर अनेक प्रकार दिसतील आणि विक्रेता सर्वात महागडा प्रकार पुढे करील. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नवजात बाळाची सीट अशी हवी की बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असेल. नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या जवळजवळ पाव भाग असते आणि मान अगदी कच्ची असते. पुढे तोंड करून बसवलेल्या बाळाचे डोके धडकेत झटक्याने पुढे जाते आणि सारा ताण मानेवर येतो. तोंड मागे असेल तर सीटची पाठ बाळाचे डोके, मान आणि पाठ एकदम तोलते आणि हिसका सर्व अंगावर वाटला जातो.

अशा सीटचे मुख्य प्रकार दोन. पहिली फक्त तान्ह्या बाळासाठी असलेली, टोपलीसारखी आणि वर मूठ असलेली सीट. ती बहुधा १३ किलो वजनापर्यंत चालते. ती हलकी असते, एका गाडीतून काढून दुसऱ्या गाडीत बांधता येते. ज्यांची स्वतःची गाडी नाही, जे टॅक्सीने किंवा नातलगाच्या गाडीने जातात, त्यांच्यासाठी हीच योग्य.

दुसरी, आधी मागे तोंड करून आणि मूल मोठे झाल्यावर पुढे तोंड करून बसवता येणारी सीट. ती बहुधा १८ किलोपर्यंत चालते. ती जड असते, पण एकदाच पैसे खर्चून तीन-चार वर्षे वापरता येते. घरी गाडी असेल आणि एकच सीट परवडत असेल, तर ही घ्यावी. मात्र ती जन्मापासून चालते असे तिच्यावर स्पष्ट लिहिलेले हवे आणि लहानग्यासाठी आतली मऊ गादी हवी. नुसत्या उंचीसाठी खाली ठेवायच्या बैठ्या सीट मिळतात, त्या मोठ्या मुलांच्या आहेत.

आणखी एक सावधगिरी. झोळणे, पाळणा आणि कार-सीट "सगळे एकात" म्हणून स्वस्तात विकले जाते. दिसायला ते सीटसारखेच असते. पण त्यावर मान्यतेची पट्टी आहे का ते पाहा. परदेशी मान्यतेच्या सीटवर ईसीई आर ४४ किंवा आर १२९ असे लिहिलेले असते आणि वर्तुळात इंग्रजी ‘ई’ अक्षर व आकडा असतो. भारतीय मानक एआयएस ०७२ असे आहे. आर ४४ च्या सीटवर वजन दिलेले असते. ‘० प्लस’ म्हणजे १३ किलोपर्यंत. आर १२९ च्या सीटवर बाळाची उंची सेंटिमीटरमध्ये असते आणि त्या नियमात १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड ठेवणे सक्तीचे आहे. पट्टी नसेल तर ती वस्तू घरात बाळ झुलवायला ठीक, गाडीत नको.

अनोळखी माणसाकडून जुनी सीट घेऊ नये. एकदा अपघातातून गेलेली सीट वरून चांगली दिसली तरी आतून तडकलेली असू शकते. ओळखीच्यांकडून घ्यायची तर सीट किती जुनी, अपघात झाला होता का, पट्टे व बक्कल शाबूत आहेत का, मुदत संपली आहे का, हे विचारून घ्यावे.

बसवायची कशी?

घेण्याआधी सीट ज्या गाडीत वापरायची त्या गाडीत बांधून पाहावी. कित्येक गाड्यांचा पट्टा आखूड पडतो. कमरेवरून आणि खांद्यावरून येणारा असा पूर्ण पट्टा लागतो का, तेही सीटवरच्या सूचनांत पाहावे. मागे तोंड असलेल्या सीटवर पट्टा कोठून न्यायचा याच्या निळ्या खुणा असतात. बांधून झाल्यावर पट्ट्याजवळ धरून सीट हलवून पाहा. ती एका इंचाहून जास्त हलता कामा नये. नव्या गाड्यांत पट्ट्याऐवजी आयसोफिक्स नावाच्या लोखंडी कड्याही असतात. सीट आणि गाडी दोन्हींत ती सोय असेल तर बसवणे सोपे जाते.

सीट नेहमी गाडीच्या मागच्या आसनावर ठेवावी. पुढच्या आसनासमोर एअरबॅग चालू असेल तर तेथे मागे तोंड असलेली सीट कदापि ठेवू नये. ती पिशवी ज्या जोराने फुटते, तो जोर थेट बाळाच्या डोक्यामागे बसतो.

आता बाळाला बसवताना. सीटच्या आतले खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्यांच्या रेषेत किंवा किंचित खालून यावेत. ते इतके घट्ट असावेत की पट्टा दोन बोटांच्या चिमटीत धरता येऊ नये. थंडी म्हणून जाड दुपट्यात गुंडाळून वर पट्टे लावू नयेत, कारण धडकेत दुपटे दबते आणि पट्टे सैल पडतात. आधी पट्टे लावावेत, दुपटे वरून पांघरावे. आजींना हे पटायला वेळ लागतो. त्यांना प्रेमाने समजावून सांगावे.

सीट इतकी मागे कललेली असावी की बाळाची हनुवटी छातीवर टेकणार नाही. हनुवटी टेकली तर श्वास कोंडतो. म्हणूनच ही सीट झोपायचा पाळणा नव्हे. घरी आल्यावर बाळ झोपलेले असले तरी उचलून सपाट अंथरुणावर ठेवावे. गावचा लांबचा प्रवास असेल तर मध्ये मध्ये थांबून त्याला बाहेर काढावे. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला सीटमध्ये बसवण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी काय करावे?

आपल्यापैकी अनेकांकडे गाडी नाही, हे आम्ही जाणतो. रिक्षात पट्टे नसतात, म्हणून सीट बांधता येत नाही, आणि न बांधलेली सीट काही कामाची नाही. त्या एका दिवसापुरती तरी मागे पट्टे असलेली टॅक्सी करावी. सरकारी इस्पितळात प्रसूती झाली तर २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली घरी सोडण्यासाठी मोफत गाडी मिळते. त्या गाडीत पट्टे असतील तर आपली सीट तेथेही बांधता येते. रिक्षाशिवाय इलाज नसेल तर मधोमध बसावे, दोन्ही बाजूंना मोठी माणसे असावीत आणि रिक्षावाल्याला हळू चालवायला सांगावे. दुचाकीवर तान्हे बाळ नेऊच नये. २०२२ च्या नियमाने ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलांसाठी पट्टा व हेल्मेट सक्तीचे केले. त्याहून लहान बाळाची मान हेल्मेटचा भार पेलू शकत नाही, हे ध्यानात घ्यावे.

खर्चाचे काय? आम्ही एक सूचना करतो. समजा सीट ६,००० रुपयांची आहे. वस्तीतल्या ६० कुटुंबांनी १०० रुपये काढले तर ती विहारासाठी घेता येते. महिला मंडळाने ती सांभाळावी. ज्या घरी बाळ होईल त्या घराने प्रसूतीआधीच न्यावी, बांधायची सवय करून घ्यावी आणि बाळ घरी आल्यावर परत करावी. दीड महिन्याच्या लसीला जाताना पुन्हा न्यावी. सोबत एक नोंदवही ठेवावी: कोणी नेली, कधी परत आली, कापड धुतले का, अपघात झाला का. जुन्या सीटचा इतिहास माहीत नसणे हा जो धोका, तो या वहीने टळतो. अपघात झालाच तर पट्टे कापून ती सीट कायमची बाद करावी. पैशाच्या मोहाने पुन्हा वापरू नये.

१९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. बाळ-बाळंतिणीची काळजी ही एका घराची खाजगी बाब नसून समाजाची जबाबदारी आहे, हा त्यामागचा विचार होता. विहारातली एक सीट ही त्याच विचाराची छोटीशी अंमलबजावणी ठरेल.

आमच्या वस्तीत ही वर्गणी आम्ही सुरू केली आहे. पहिले १०० रुपये आमच्या वहिनींनी दिले. "मांडी माझीच होती," एवढेच त्या म्हणाल्या.