धाग्याचा रंग तिनं निवडला

मी परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची. आयुष्यभर शिवणकाम शिकवलं. गेली काही वर्षं ख्रिस्ती भगिनींच्या एका निवारागृहात शिकवते. इथल्या मुली कुंटणखान्यातून सोडवून आणलेल्या. पहिल्या दिवशी मी रिळांचा डबा पुढे ठेवते आणि विचारते, "कोणता रंग घेतेस?" एक पोर दहा दिवस म्हणत राहिली, "तुम्हीच द्या ना, बाई." अकराव्या दिवशी तिनं पिवळं रीळ उचललं. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

लोक म्हणतात, अशा मुलीची अब्रू गेली. अब्रू विकणाऱ्याची जाते. मुलीकडून हिरावली जाते ती मर्जी. कधी झोपायचं, काय खायचं, कुणाला नाही म्हणायचं, सगळं दुसऱ्यानं ठरवलेलं. म्हणून पोलिसांचा छापा पडला की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. रात्री दचकून उठणं, औषधपाणी, कोर्टातली साक्ष, आणि "घरचे घेतील का?" हा प्रश्न. याला वर्षं लागतात.

ही वाट महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी घालून दिली. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनी 'पतित' म्हणवल्या जाणाऱ्या स्त्रियांना मायेनं सांभाळताना त्यांनी पाहिलं, आणि त्या दर्शनानं त्यांचं मन पालटलं. पुढे 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतात अनाथ मुलींना हेरत फिरणारे दलाल त्यांना दिसले. रमाबाईंचे स्वतःचे आईवडीलही दुष्काळातच गेले होते. त्यांनी शेकडो मुली पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणल्या. तिथल्या 'मुक्ती' या त्यांच्या संस्थेत फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी 1899 साली 'कृपासदन' उघडलं. शेती, विणकाम, शिवण, छापखाना असं हाताला काम दिलं. स्वतःच्या कमाईचा पैसा हातात आला की 'नाही' म्हणायचं बळ येतं.

एक गोष्ट ख्रिस्ती म्हणूनच सांगते. 1893 साली धर्मांतराच्या वादात रानडे, भांडारकर यांच्यासारखी सुधारक माणसं रमाबाईंच्या शारदा सदन या संस्थेपासून दूर झाली. तो धडा आम्ही विसरू नये. आमच्याकडे संध्याकाळी प्रार्थना होते. यायचं की नाही, ते मुलीनं ठरवायचं. भाकरीच्या बदल्यात देव स्वीकारायला लावला, तर पुन्हा तिची मर्जीच हिरावली.

आपल्या परभणीत दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मागे आजीजवळ वयात आलेली नात राहते. अशा घरी कुणी "हुंडा नको, लग्नाचा खर्च आमचा" म्हणत येतो, तर कुणी "मुंबईत धुण्याभांड्याचं काम आहे" म्हणत. त्याचं गाव, त्याचं घर, त्याचे नातेवाईक स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय पोर पाठवू नका. माणसांचा व्यापार आपल्या संविधानाच्या कलम 23नं बंद केला आहे. शंका आली तर मुलांसाठी 1098, महिलांसाठी 181, पोलिसांसाठी 112 फिरवा.

आणि अशी एखादी लेक गावी परतली, तर कुठे होतीस असं विचारू नका. जेवलीस का, एवढंच विचारा.