“ताई, लास्ट किती?”

मैत्रिणींनो, बोहारीण दारात आली की आपण काय करतो? दोन जुन्या साड्या आणि ह्यांची एखादी पँट तिच्यापुढे टाकतो. ती कपड्यांकडे बघून नाक मुरडते आणि एवढीशी वाटी काढते. आपल्याला राग येतो का? मुळीच नाही! आपण हसून म्हणतो, “अगं, वाटी कसली दाखवतेस? ते पातेलं काढ.” अर्ध्या तासाने झाकणासकट डबा घरात येतो. एवढ्या मुरलेल्या आपण. पण तीच घासाघीस मोबाईलवर सुरू झाली की पार तारांबळ उडते. निदान माझी तरी उडाली.

त्याचं असं झालं. आमच्या वन्सं न्यू जर्सीला असतात. दर खेपेला त्या भाच्यासाठी पोकेमॉनच्या कार्डांची पाकिटं आणायच्या. चिरंजीव आता नववीत. पोकेमॉनचं वेड सरून क्रिकेटचं लागलं. “आई, ही कार्डं वीक आणि मला चांगली बॅट घे,” म्हणाला. डब्यात मोजून १४० कार्डं निघाली. जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका ॲपवर मी त्यातल्या एका चमकत्या कार्डाचा फोटो टाकला, किंमत १२०० रुपये. दहा मिनिटांत निरोप आला, “ताई, लास्ट किती?” मी काही लिहिणार तोच दुसरा, “३०० देतो. आत्ता घेतो. धाकट्या भावाचा वाढदिवस आहे.” मला बाई नाही म्हणणं जमेना. दिलं! आठ दिवसांनी तेच कार्ड, कोपऱ्यावरच्या त्याच पांढऱ्या ठिपक्यासकट, त्याच ॲपवर १५०० ला! चिरंजीवाने मला नुसतं दाखवलं. रात्री जेवताना मात्र हळूच म्हणाला, “आई, ते माझं होतं ना?” घास घशाखाली उतरेना.

भिडस्तपणा स्वतःच्या खर्चाने केला तर एक वेळ ठीक. (शिकवणीची फी सांगतानाही मी अशीच जीभ चावते, ते राहू दे.) पण इथे उदारपणा माझा आणि वस्तू लेकराची!

मग एका रविवारी आम्ही दोघं डबा घेऊन बसलो. कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक नंबर असतो आणि शेजारी एक खूण. गोल म्हणजे सर्रास मिळणारं, चौकट म्हणजे जरा कमी, चांदणी म्हणजे दुर्मीळ. आमच्या डब्यात चांदण्या मोजक्याच. त्यात एक चॅरिझार्ड होता, तो आग ओकणारा. वर्गातल्या कुणीतरी ‘हा लाखाचा’ म्हणून सांगून ठेवलेलं. लाखांच्या बातम्या खोट्या नसतात; पिकाचूचं एक अतिदुर्मीळ कार्ड ५२ लाख ७५ हजार डॉलरला घेतलेलं, त्याची नोंद २०२२ मध्ये गिनीज बुकात झाली. पण आमच्या कार्डावर नंबर ११/१०८ आणि साल २०१६. ज्या चॅरिझार्डला खरा भाव येतो तो १९९९ च्या पहिल्या इंग्रजी संचातला, नंबर ४/१०२. आमचा त्याच्याच धर्तीवर नंतर काढलेला. चिरंजीवाचा चेहरा पडला. तरी हे आधी कळलं ते बरंच. नाहीतर रास्त मागणीलाही ‘मेला लुबाडतोय’ म्हणत बसलो असतो.

भाव काढताना लोक किती मागताहेत ते बघू नका, कितीला विकलं गेलं ते बघा. ईबेच्या अमेरिकेतल्या साइटवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या काढून पाहता येतात. डॉलरचे सरळ रुपये करून तेवढे इथे मिळतील असं मात्र धरू नका. फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात घ्या, आणि मागच्या बाजूचाही घ्या. कोपरा पांढरा पडला असेल, चरा असेल तर तो आपणच दाखवावा. मग त्याच्याकडे बोट दाखवून कुणी भाव पाडू शकत नाही. आणि स्टेशनरीच्या दुकानातली ती सोनेरी, गुळगुळीत कार्डं बहुधा नकली असतात. आमच्याकडे होती सहा-सात. ती बाजूला काढली.

चॅरिझार्डचे ३००० मागायचे ठरले. मनातला आकडा २५००. तो चिरंजीवाच्या वहीत लिहून ठेवला, कारण माझा भरवसा मलाच नव्हता!

पहिला आला ४०० वर. दुसरा ७००. तिसऱ्याने लिहिलं, “ताई, कागदाचा तुकडाच की हो!” पूर्वी मी ह्याला चार ओळींचं उत्तर लिहिलं असतं, अमेरिकेहून आणलंय, जपून ठेवलंय वगैरे. आपण कारण दिलं की समोरचा त्या कारणाशी वाद घालतो. आता एकच ओळ: “इतक्यात जमणार नाही. २८०० ला हवं असेल तर कळवा.” ना राग, ना टोमणा. ७०० वाला दोन दिवसांनी १८०० वर आला, बरं का! अगदीच वेडावाकडा आकडा असेल तर उत्तरच देऊ नये. पण पंधरा-वीस दिवस कुणीच फिरकलं नाही, तर आपलाच आकडा पुन्हा तपासायला हवा.

“राहिलेली सगळी द्या, ५०० देतो,” असाही एक भेटला. ह्यांचा डोळा चार चांदण्यांवर असतो, बाकीचा ढीग नावाला. चांदण्या आधी वेगळ्या विका. उरलेल्या साध्या कार्डांना कमी भाव आला तर वाईट वाटून घेऊ नका. घेणारा ती निवडणार, ठेवणार, महिनोन्‌महिने गिऱ्हाईक शोधणार. त्यालाही चार पैसे सुटायला हवेत.

उलट कुणी घासाघीस न करताच ‘मंजूर’ म्हणाला तर दुप्पट सावध व्हा. मला एकाने लगेच क्यूआर कोड पाठवला, “हा स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.” पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात ते आपले! फसगत झालीच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० ला फोन करा.

शेवटी पुण्याचा एक कॉलेजचा मुलगा २६०० वर आला, टपालखर्च त्याचा. पैसे खात्यात आलेले बँकेच्या ॲपमध्ये पाहिले, मग कार्ड पातळ पाकिटात, त्यावर कडक प्लॅस्टिक, वरून दोन पुठ्ठे, असं बांधून स्पीड पोस्टाने धाडलं.

साधी शंभरेक कार्डं खालच्या मजल्यावरच्या चौथीतल्या मुलाला हवी होती. पिग्गी बँक फोडून तो २०० रुपये घेऊन आला. चिरंजीवाने वही उघडली, आत पाहिलं, मिटली आणि म्हणाला, “१५० दे.” मी तोंड उघडलं होतं, पण मिटलं. कार्डं त्याची होती.